स्वयंचलित अद्ययावतीकरण आणि ब्राउझरचे बंद पडणे : एक ऐतिहासिक आढावा (सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयीन व्यवहाराच्या संदर्भात)

सारांश

ब्राउझर आपोआप अद्ययावत झाल्यानंतर अचानक बंद पडू लागतो, हा अनुभव महाविद्यालयीन कार्यालये, ग्रंथालये व संगणक प्रयोगशाळा यांना नवा नाही. अशा वेळी नवी आवृत्ती सदोष आहे असे गृहीत धरून अद्ययावतीकरणच थांबविण्याकडे कल दिसतो. प्रस्तुत लेखात १९९५ ते २०२५ या कालखंडातील ब्राउझरच्या अद्ययावतीकरणाचा इतिहास तपासून असे प्रतिपादन केले आहे की, बिघाडाचे मूळ बहुतांशी नवी आवृत्ती आणि तिच्या सभोवतालची जुनी सामग्री यांच्या सांध्यात असते. त्यामुळे दुरुस्तीची योग्य पद्धत म्हणजे हे सांधे एकेक करून वेगळे करून पाहणे होय.

बीजशब्द : ब्राउझर, स्वयंचलित अद्ययावतीकरण, युनिकोड, विस्तार, प्रोफाइल, महाविद्यालयीन प्रशासन.

प्रस्तावना

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. तत्पूर्वी सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले हे विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. ते ज्या वर्षी अस्तित्वात आले त्याच वर्षी, ९ नोव्हेंबर २००४ रोजी, मोझिला फायरफॉक्स या ब्राउझरची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि पुढील दोन दशकांत प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, मूल्यांकन आणि ग्रंथालय ही सर्व कामे क्रमाक्रमाने ब्राउझरच्या चौकटीत आली, आणि ब्राउझर हे कार्यालयातील कपाटाइतकेच आवश्यक साधन बनले.

मात्र कपाट आणि ब्राउझर यांत एक मूलभूत भेद आहे. कपाट काल जसे होते तसेच आज असते. ब्राउझर तसा राहत नाही. सोलापूरच्या कापड गिरण्यांत आणि यंत्रमाग कारखान्यांत यंत्रातील फेरबदल जॉबर किंवा मेकॅनिकच्या हातून होत. कोणता भाग केव्हा बदलला हे त्याला ठाऊक असे, आणि माग बंद पडला तर शोध कोठून सुरू करावयाचा हेही त्याला कळे. ब्राउझरमधील बदल मात्र दूरवरच्या कंपनीकडून, वापरणाऱ्याच्या नकळत होतो. त्यामुळे यंत्र बंद पडते तेव्हा काय बदलले हेच हाताशी असलेल्या माणसाला माहीत नसते. ही परिस्थिती कशी निर्माण झाली आणि तिच्यातून मार्ग कसा काढता येतो, याचा विचार पुढे केला आहे.

हस्तचलित अद्ययावतीकरणाचा काळ (१९९५ ते २००८)

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्या काळी ब्राउझरची नवी आवृत्ती घेणे हा स्वतंत्र निर्णय असे. ती सीडीवरून अथवा दूरध्वनी जोडणीवरून मिळवावी लागे. या पद्धतीत बदल केव्हा झाला हे वापरणाऱ्यास निश्चित ठाऊक असे. परंतु बदल वेळेवर होत नसे.

त्याचे परिणाम लवकरच दिसून आले. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ या संगणकीय किड्याने जगभरातील विंडोज संगणकांना ग्रासले. ज्या उणिवेचा त्याने लाभ घेतला तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजीच उपलब्ध केली होती. म्हणजेच औषध महिनाभर आधी तयार होते, पण ते रोग्यापर्यंत पोहोचले नव्हते. पोहोचणे सोपेही नव्हते. २००४ मधील विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक सुमारे २६६ मेगाबाइटचा होता. ५६ किलोबिट वेगाच्या दूरध्वनी जोडणीवर, पूर्ण वेग मिळाला तरी, तो उतरविण्यास दहा तासांहून अधिक काळ लागला असता. याच काळात इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. जवळपास पाच वर्षे एकच मुख्य आवृत्ती चालू राहिल्याने अनेक संकेतस्थळे तिलाच प्रमाण मानून तयार झाली. पुढील अडचणींचे एक बीज येथे पडले.

मराठी मजकुराच्या बाबतीत ब्राउझर बदलण्याचे परिणाम याहूनही आधी जाणवले. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे विशिष्ट फाँटवर अवलंबून असत. वाचकाच्या संगणकावर तो फाँट नसल्यास तो पानाबरोबरच पाठविण्याची ‘डायनॅमिक फाँट’ ही सोय १९९७ च्या सुमारास आली. परंतु नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांचे त्यासाठीचे तंत्र वेगवेगळे होते. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीत जुन्या तंत्राला स्थान उरले नाही. ब्राउझर नवा झाला आणि त्या तंत्रावर विसंबलेला मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक रांग बनला. ब्राउझर बंद पडला नव्हता, तरी वाचकाच्या दृष्टीने पान मात्र बंद पडले होते.

युनिकोडनेही हा प्रश्न एका रात्रीत सुटला नाही. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीसाठी आवश्यक असलेली जटिल लिप्यांची सोय अनेकदा मूळ सीडी घालून स्वतंत्रपणे सुरू करावी लागे. ती नसल्यास ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जाई आणि जोडाक्षरे तुटत. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही कडा समान केलेला देवनागरी मजकूर विस्कटत असे. जून २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीने तो दोष दूर केला. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषांचा नित्य व्यवहार असलेल्या सोलापूरसारख्या शहराच्या दृष्टीने ही बाब गौण नव्हती.

मूक अद्ययावतीकरणाचा उदय (२००८ ते २०१२)

फायरफॉक्सने नोव्हेंबर २००५ मधील १.५ या आवृत्तीपासून अद्ययावतीकरणाची अंगभूत यंत्रणा आणली होती. तथापि ती वापरणाऱ्यास विचारत असे. २ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या गूगल क्रोमने हा प्रश्न विचारणेच बंद केले. नवी आवृत्ती पार्श्वभूमीवर उतरविली जाई आणि ब्राउझर पुन्हा उघडताच ती लागू होई. याचा लाभ मोठा होता. २००९ मध्ये स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिक ही संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, नवी आवृत्ती निघाल्यापासून २१ दिवसांत क्रोमचे ९७ टक्के, फायरफॉक्सचे ८५ टक्के, सफारीचे ५३ टक्के, तर ऑपेराचे केवळ २४ टक्के वापरकर्ते अद्ययावत झाल्याचे आढळले.

यानंतर अन्य कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. इंटरनेट एक्सप्लोररचे स्वयंचलित अद्ययावतीकरण जानेवारी २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले. आवृत्त्यांचा वेगही वाढला. क्रोमने २०१० मध्ये सहा आठवड्यांचे चक्र स्वीकारले आणि २०२१ मध्ये ते चार आठवड्यांवर आणले. मोठ्या संस्थांना हा वेग झेपणार नाही हे ओळखून मोझिलाने जानेवारी २०१२ मध्ये दीर्घकाळ आधार असलेली वेगळी आवृत्ती सुरू केली. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, पण रचनेतील मोठे बदल साधारण वर्षातून एकदाच होतात.

क्रोमने आणखी एक महत्त्वाचा बदल केला. पूर्वी एका पानातील दोषाने संपूर्ण ब्राउझर कोसळत असे. क्रोमने निरनिराळ्या पानांसाठी स्वतंत्र प्रक्रिया ठेवल्याने एक पान कोसळले तरी उरलेली शाबूत राहू लागली. फायरफॉक्समध्ये ही रचना ऑगस्ट २०१६ मधील ४८ व्या आवृत्तीपासून टप्प्याटप्प्याने आली. बिघाड ओळखण्यासाठी हा भेद उपयुक्त आहे. एकच पान कोसळत असेल तर शंका त्या संकेतस्थळावर येते. ब्राउझर उघडताच मिटत असेल अथवा प्रत्येक पान कोसळत असेल तर शंका संगणकावरील सामग्रीवर येते.

बिघाडांचे काही प्रसंग

ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोमची ७८ वी आवृत्ती आली तेव्हा अनेक कार्यालयांत प्रत्येक पान कोसळू लागले. ब्राउझरची स्वतःची सेटिंग्जची पानेही उघडेनात. या आवृत्तीत गूगलने पानाच्या प्रक्रियेत परक्या संगणकीय आज्ञा शिरू नयेत यासाठी नवे संरक्षण सुरू केले होते. सिमँटेक एंडपॉइंट प्रोटेक्शन या सुरक्षा प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या नेमक्या त्याच मार्गाने ब्राउझरमध्ये शिरत असत. नवे कुलूप आणि जुनी किल्ली यांचा हा संघर्ष होता. सुरक्षा प्रणालीची नवी आवृत्ती घेताच प्रश्न सुटला. गूगलने २०१७ मध्येच असे नमूद केले होते की, विंडोजवरील क्रोमच्या सुमारे दोनतृतीयांश वापरकर्त्यांच्या संगणकांवर ब्राउझरशी संबंध ठेवणारी अन्य सॉफ्टवेअर असतात, आणि ज्यांच्या संगणकांवरील सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये आपल्या आज्ञा घुसवितात त्यांना तो कोसळण्याचा अनुभव येण्याची शक्यता १५ टक्क्यांनी अधिक असते.

डिसेंबर २०१९ मधील प्रसंग वेगळ्या स्वरूपाचा होता. क्रोमच्या ७९ व्या आवृत्तीत अँड्रॉइडवरील माहिती साठविण्याची जागा बदलली. परंतु ॲपमध्ये पाने दाखविणाऱ्या ‘वेबव्ह्यू’ या घटकाचा काही साठा नव्या जागी हलविला गेला नाही. परिणामी अनेक ॲपमधील माहिती नाहीशी झाल्यासारखी दिसली. सुमारे निम्म्या उपकरणांवर आवृत्ती पोहोचल्यानंतर तिचे वितरण थांबवावे लागले. २२ व २३ मार्च २०२१ रोजी याच घटकातील दोषामुळे जीमेलसह अनेक ॲप उघडताच बंद पडू लागले. तात्पुरता उपाय म्हणून वेबव्ह्यूची अद्ययावत आवृत्ती काढून टाकण्याचा सल्ला दिला गेला, आणि अंतिम उपाय म्हणून क्रोम व वेबव्ह्यू यांची आणखी नवी आवृत्ती आली.

४ मे २०१९ रोजी फायरफॉक्सचे जवळजवळ सर्व विस्तार एकाच वेळी निकामी झाले, तेव्हा तर कोणतीही नवी आवृत्ती आलेली नव्हती. विस्तारांवरील स्वाक्षरी पडताळणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. दुरुस्ती मात्र स्वयंचलित मार्गानेच, अवघ्या काही तासांत, वापरकर्त्यांपर्यंत जाऊ लागली.

सोलापूरच्या वाचकास विशेष जवळचा वाटावा असा प्रसंग फेब्रुवारी २०१८ मधील होय. ॲपलच्या फोनवर तेलुगू भाषेतील ‘ज्ञा’ या जोडाक्षराचे एक विशिष्ट लेखन समोर येताच संदेशांची अनेक ॲप कोसळू लागली. अक्षरे जुळविणाऱ्या प्रणालीत, जोडाक्षर आणि स्वर यांच्यामध्ये असलेल्या एका अदृश्य चिन्हाची व्यवस्था लागत नव्हती. तसाच दोष बंगाली आणि देवनागरीतील काही अक्षरबंधांतही दिसून आला. १९ फेब्रुवारी २०१८ रोजीच्या अद्ययावतीकरणाने तो दूर झाला. तेलुगू ही जेथे हजारो विणकर कुटुंबांची घरची भाषा आहे, त्या शहरात अद्ययावतीकरण रोखून धरणे याचा अर्थ हा दोष जतन करणे असाच झाला असता.

याशिवाय काही प्रसंगी घडले ते कोसळणे नव्हते, तर जुन्याचा हेतुपुरस्सर त्याग होता. क्रोमने सप्टेंबर २०१५ मधील ४५ व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे प्लगइन पूर्णतः बंद केले, आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनेही फ्लॅश वगळता तेच केले. डिजिटल स्वाक्षरीसाठी जावा ॲपलेटवर अवलंबून असलेली संकेतस्थळे या ब्राउझरांत चालेनाशी झाली. नोव्हेंबर २०१७ मधील फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या रचनेचे सर्व विस्तार अमान्य केले. अशा वेळी ब्राउझर दुरुस्त करीत बसणे व्यर्थ ठरते. बदलण्याची गरज संकेतस्थळास अथवा विस्तारास असते.

दुरुस्तीची पद्धत

वरील प्रसंगांतून एक समान सूत्र हाती येते. ब्राउझर आणि विस्तार, ब्राउझर आणि सुरक्षा प्रणाली, ब्राउझर आणि साठविलेली माहिती, ब्राउझर आणि लिपी अशा कोणत्या ना कोणत्या सांध्यात दोष होता. दुरुस्तीची साधनेही सांधे सुटे करण्यासाठीच विकसित झाली आहेत. त्यांचा क्रम सौम्य उपायांकडून कठोर उपायांकडे असावा.

प्रथम ब्राउझरची आवृत्ती, बिघाडाची वेळ आणि पडद्यावरील संदेश यांची नोंद करावी. ही नोंद नसल्यास पुढील सर्व प्रयत्न अंदाजाचे ठरतात. त्यानंतर ब्राउझर पूर्णपणे बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा. खिडकी मिटली तरी काही प्रक्रिया चालू राहतात आणि अद्ययावतीकरण अर्धवट लागू झालेले असते. कित्येक बिघाड या टप्प्यावरच संपतात.

दुसऱ्या टप्प्यात विस्तारांना बाजूला करावे. फायरफॉक्स उघडताना शिफ्ट कळ दाबून ठेवल्यास तो विस्तारांविना सुरू करता येतो. या सोयीस पूर्वी सेफ मोड म्हणत, आता ट्रबलशूट मोड म्हणतात. क्रोममध्ये अतिथी खिडकी उघडून हीच परीक्षा घेता येते. तेथे बिघाड होत नसेल तर विस्तार एकेक करून पुन्हा सुरू करावेत. सर्व एकदम काढून टाकल्यास दोषी कोण हे कधीच कळत नाही.

तिसऱ्या टप्प्यात चित्रदर्शक यंत्रणेचा विचार करावा. ब्राउझर पानाची मांडणी वेगाने करण्यासाठी ग्राफिक्स घटकाची मदत घेतो. त्या घटकाचा ड्रायव्हर जुना असल्यास नवी आवृत्ती अडखळू शकते. सेटिंग्जमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून फरक पडतो का ते पाहावे, व पडत असल्यास ड्रायव्हर अद्ययावत करावा. चौथ्या टप्प्यात सुरक्षा प्रणालीची आवृत्ती तपासावी. ती कायमची बंद करणे हा उपाय नव्हे. तीही अद्ययावत करणे हा उपाय होय.

पाचवा टप्पा प्रोफाइलचा. खुणा, संकेतशब्द, इतिहास आणि सेटिंग्ज यांच्या संचास प्रोफाइल म्हणतात. नवे, रिकामे प्रोफाइल तयार करून त्यात ब्राउझर नीट चालत असेल तर दोष जुन्या संचात आहे हे सिद्ध होते. खुणा व संकेतशब्द आधी सुरक्षित करून मगच जुना संच सोडावा. ब्राउझर काढून पुन्हा बसविणे हा अनेकांचा पहिला उपाय असतो. वस्तुतः तो शेवटचा असावा. कारण ब्राउझर काढला तरी प्रोफाइल सहसा मागे राहते आणि दोष त्याच्यासह परत येतो.

जुन्या आवृत्तीकडे परत जाणेही वाटते तितके सरळ नाही. नव्या आवृत्तीने एकदा प्रोफाइलची रचना बदलली की जुनीला ती समजेलच असे नाही. म्हणूनच मे २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडण्यापासून परावृत्त करतो. शिवाय जुन्या आवृत्तीतील सुरक्षेच्या उणिवा तोपर्यंत जगजाहीर झालेल्या असतात.

जुन्या संगणकांचा प्रश्न

महाविद्यालयीन प्रयोगशाळांत संगणक दीर्घकाळ वापरले जातात आणि त्यात गैर काही नाही. परंतु ब्राउझरची साथ कोठे संपते याची जाणीव आवश्यक आहे. क्रोमने विंडोज एक्सपीची साथ एप्रिल २०१६ मध्ये सोडली. विंडोज ७ व ८.१ साठी जानेवारी २०२३ मधील १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली. इंटरनेट एक्सप्लोररची अकरावी आवृत्ती विंडोज १० वर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मधील अद्ययावतीकरणाने ती बंद केली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही संपला. ज्या संगणकांवर ब्राउझर अद्ययावत होणे थांबते तेथे तो स्थिर भासतो. प्रत्यक्षात तो दिवसेंदिवस अधिक असुरक्षित होत असतो. नवी संकेतस्थळेही त्यावर हळूहळू मोडू लागतात.

महाविद्यालयीन व्यवहारातील अर्थ

करमाळा, सांगोला किंवा अक्कलकोट तालुक्यातील विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी महाविद्यालयाच्या संगणकासमोर बसतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने ब्राउझर, संकेतस्थळ आणि संगणक असे तीन भाग नसतात. अर्ध्यावर पडदा मिटला की अर्ज गेला, आणि अंतिम तारीख त्याच दिवशी असेल तर वर्षाची शिष्यवृत्ती गेली, एवढेच त्याला कळते. दोष कोणाचा हे ठरविण्याची जबाबदारी येथे शिक्षक व कर्मचारी यांच्यावर येते. त्यासाठी लागणारी परीक्षा सोपी आहे. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये व दुसऱ्या जोडणीवर उघडून पाहावे. तेथेही तसेच घडत असेल तर दोष बहुधा संकेतस्थळाचा असतो, आणि मुदतवाढ मागण्यास ती नोंद हाच आधार ठरतो. तेथे काम होत असेल तर विद्यार्थ्याचा अर्ज आधी पूर्ण करून द्यावा व दुरुस्ती नंतर करावी. घाईने ब्राउझरची सर्व माहिती पुसून टाकणे मात्र टाळावे, कारण त्यात अर्धवट भरलेला मजकूरही जाऊ शकतो.

निष्कर्ष

१. हस्तचलित अद्ययावतीकरणाच्या काळात मुख्य धोका विलंबाचा होता. स्वयंचलित काळात धोका अनपेक्षित बदलाचा आहे. पहिला धोका अधिक व्यापक व अधिक घातक असल्याचे इतिहास दर्शवितो. म्हणून अद्ययावतीकरण थांबविणे हा उपाय ठरत नाही.

२. पाहिलेल्या प्रसंगांत दोष बहुतांशी नव्या-जुन्याच्या सांध्यात आढळतो. त्याचे निराकरणही बहुतेक वेळा पुढील अद्ययावतीकरणानेच झाले आहे.

३. प्रत्येक महाविद्यालयाने किमान दोन भिन्न ब्राउझर सज्ज ठेवावेत, कार्यालयीन संगणकांवर दीर्घ आधाराची आवृत्ती वापरण्याचा विचार करावा, आणि अंतिम तारखांच्या काळात आवृत्ती व बिघाड यांची साधी नोंदवही ठेवावी.

गिरणीतील जॉबरला यंत्राचा इतिहास ठाऊक असे, म्हणून त्याला त्याचा बिघाड शोधता येई. ब्राउझरचा इतिहास कंपनी लिहिते. परंतु आपल्या संगणकावर तो कोणत्या दिवशी कसा वागला याची नोंद महाविद्यालयालाच ठेवावी लागेल. ती नोंद असेल तरच यंत्रातील दोषाचा भार विद्यार्थ्याच्या माथी पडणार नाही.